टॉर्च बांधून रात्रीची सायकल: हिप्परग्यापासून तुळजापूर घाटापर्यंत

सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, उन्हाळ्यात इथे सायकल चालवायची तर पहाटे चारला नाहीतर रात्री नऊनंतर. मी तीन वर्षं पहाटे निघतोय, पण एका छोट्या सायकल लाइटवर. समोरच्याला मी दिसावा एवढ्यापुरता तो ठीक आहे. तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याचा तलाव मागे पडला की शहराचा उजेड संपतो, आणि डांबर कुठे संपतं नि साइडपट्टी कुठे सुरू होते हे अंदाजानेच ठरवावं लागतं. म्हणून या दसऱ्याला ठरवलं की उन्हाळा यायच्या आत साध्या टॉर्च हँडलला बांधून चांगली व्यवस्था बसवायची. चार महिन्यांत जे जमलं आणि जे फसलं ते इथे लिहून ठेवतोय.

आमच्या घरी टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात. इथे घोटाळा नको म्हणून हातातली ती टॉर्च, आणि आत घालतो तो सेल.

ऑक्टोबर

पहिली टॉर्च घेतली ती खोक्यावरचा 'दहा हजार ल्युमेन' (ल्युमेन हे उजेडाचं माप) हा आकडा बघून. पुढची काच मागेपुढे सरकवायची झूमवाली. झूम केलं की लांबवर एक चौकोनी ठिगळ लख्ख, आणि पुढच्या चाकासमोर मिट्ट काळोख. झूम काढलं की उजेड सगळीकडे पसरून पातळ होतो. सोबतच्या सेलवर ९८०० एमएएच छापलेलं. तो सराफाच्या काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम भरला. हा १८६५० जातीचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्या आकारात चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते आणि वजन ४५ ग्रॅमच्या पुढे असतं. छापील आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा सेल काट्यावर ठेवा.

पण खरा धडा मिळाला तो कोजागरीच्या आधल्या दिवसांत. तुळजापूरला चालत निघालेली माणसं रस्त्याच्या कडेने येत होती. माझा झोत पडला की एकेक जण डोळ्यांवर हात धरायचा. एक आजी थांबून म्हणाल्या, "लेकरा, बत्ती जरा खाली कर की, पायाखालचं दिसंना." मी टॉर्च बंद करून उतरलो आणि ती रांग सरेपर्यंत सायकल हातात धरून चाललो. त्या रात्रीपासून प्रत्येक टॉर्चला मी आधी एकच प्रश्न विचारतो: हिचा किती उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो?

नोव्हेंबर

झूमवाली शेतावर देऊन टाकली. एका सायकलवाल्या मित्राकडून दोन टॉर्च आणल्या, दोन्ही न हलणाऱ्या रिफ्लेक्टरच्या, म्हणजे दिव्याभोवतीच्या चकचकीत वाटीच्या. एकीचा रिफ्लेक्टर आरशासारखा गुळगुळीत आणि खोल, दुसरीचा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. गुळगुळीत रिफ्लेक्टर मधला ठिपका घट्ट ठेवतो आणि उजेड लांब फेकतो. खडबडीत रिफ्लेक्टरमध्ये ठिपक्याची कड विरघळून बाजूच्या उजेडात मिसळते.

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, आणि कॅन्डेला म्हणजे एका दिशेला तो किती जोराने जातो. दुसरं घरी मोजता येतं. गच्चीवर भिंतीपासून ५ मीटरवर टॉर्च ठेवली, भिंतीशी फोन धरून लक्स, म्हणजे तिथे पडणारा उजेड, मोजले, आणि त्यांना अंतराच्या वर्गाने, म्हणजे २५ ने, गुणलं. गुळगुळीतवालीचे ६१० लक्स आले, म्हणजे १५,२५० कॅन्डेला. खडबडीतवालीचे १२०, म्हणजे ३,०००. फोनचा मीटर काटेकोर नसतो, पण दोघींची तुलना करायला पुरतो.

कंपन्या खोक्यावर पल्ला लिहितात तो कॅन्डेलाच्या वर्गमुळाची दुप्पट असतो. त्या हिशेबाने एकीचा २४७ मीटर, दुसरीचा ११०. मात्र त्या अंतरावर उजेड उरतो पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात खड्डा दिसत नाही. म्हणून मी छापील पल्ल्याचा चौथा हिस्सा धरतो; तिथे उजेड सोळापट, म्हणजे ४ लक्स असतो. मग आकडे उरतात ६२ मीटर आणि २७ मीटर. सपाटीवर ताशी २५ च्या वेगात सेकंदाला ७ मीटर जातात, तेव्हा २७ मीटर पुरतात. घाट उतरताना ताशी ४० ला सेकंदाला ११ मीटर जातात, आणि तेच २७ मीटर अडीच सेकंदांच्या आत संपतात. घाटासाठी लांब फेकणारी टॉर्च हवीच.

सेल किती पुरेल याचाही हिशेब सोपा आहे. ३००० एमएएचच्या सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास ऊर्जा. एका वॅटला शंभरेक ल्युमेन धरले तर ३०० ल्युमेनवर साडेतीन तास, १००० ल्युमेनवर तासभर. खोक्यावर १००० ल्युमेन आणि पाच तास एकत्र लिहिलेले दिसले तर समजायचं की टॉर्च काही मिनिटांत स्वतःच मंद होणार आहे. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजलेला असतो.

डिसेंबर

महिना एकाच दुखण्यात गेला. गतिरोधकावरून गेलो की टॉर्च आपोआप 'हाय'वरून 'लो'वर, पुढच्या खड्ड्याला थेट स्ट्रोबवर, म्हणजे भराभर लुकलुकणाऱ्या मोडवर. तामलवाडीच्या अलीकडे रस्ता भकाभक लुकलुकायला लागला आणि मला अंतराचाच अंदाज येईना. मागून ट्रक येत होता. कसाबसा कडेला थांबलो, हात थरथरत होते.

कारण नंतर उमगलं. या टॉर्चचं बटण शेपटाला आहे. ते अर्धवट दाबलं की क्षणभर वीज तुटते आणि टॉर्च पुढच्या मोडवर जाते. धक्क्याने सेल सरकला तरी वीज तशीच तुटते. टॉर्चला वाटतं बटणच दाबलं. उघडून पाहिली तर शेपटाकडे स्प्रिंग, पण डोक्याकडे नुसती पितळेची टिकली. सेल पुढे आपटून मागे सरकायला मोकळा. डोक्याकडे छोटी स्प्रिंग डागली, शेपटाची थोडी ताणली. त्यानंतर त्याच रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या, एकदाही मोड बदलला नाही. विकत घेणार असाल तर दुकानातच झाकण उघडून दोन्ही टोकांना स्प्रिंग आहे का बघा, आणि तळहातावर टॉर्च आपटून उजेड हलतो का तेही बघा. स्ट्रोब बंद करता येणारी मिळाली तर उत्तमच.

जानेवारी

गड्डा यात्रेच्या गर्दीत शहरात सायकल निघत नाही, म्हणून घरी बांधाबांध केली. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणला, हँडल आणि टॉर्चच्या मध्ये घातला, वरून दोन झिप टाय आडव्या-तिडव्या. रबरामुळे टॉर्च घसरत नाही आणि धक्काही कमी पोचतो.

खडबडीतवाली डावीकडे, कायम चालू, तिचा ठिपका चाकापुढे दहाएक मीटरवर. गुळगुळीतवाली उजवीकडे अंगठ्याच्या टप्प्यात, फक्त मोकळ्या रस्त्याला आणि उताराला. ट्रकवाल्यांचं अप्पर-डिप्परच. हेल्मेटवरही एक लावून पाहिली, पण डोळ्याच्या रेषेतून उजेड गेला की खड्ड्याची सावली खड्ड्यातच लपते. हँडलवरून तिरपा पडलेला उजेड सावली लांब पाडतो आणि खड्डा आधीच कळतो.

जर्मनीत सायकलच्या दिव्याचा उजेड वरून सरळ रेषेत कापलेला असावा लागतो, तसा नियमच आहे. टॉर्चचा झोत गोल, त्यामुळे वरचा अर्धा उजेड झाडांवर आणि लोकांच्या तोंडावर जातो. काळ्या प्लास्टिकच्या डब्याची पट्टी कापून दोन्ही टॉर्चच्या वरच्या बाजूला छज्जासारखी बसवली, चार सेंटिमीटर पुढे आलेली. बाजूचा पसरलेला उजेड वर जायचा थांबला. मधला ठिपका मात्र छज्जाने अडत नाही, तो टॉर्च खाली झुकवूनच सांभाळावा लागतो.

सध्या ऊस हंगाम जोरात आहे. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाची पाचट बाहेर लोंबलेली. परवा पहाटे अशी उभी ट्रॉली उजव्या टॉर्चने पन्नासेक मीटरवर दाखवली. जुन्या लाइटवर ती मला कळलीच नसती.

आता उरलंय ते डाव्या टॉर्चच्या काचेवर आडवा उजेड पसरवणारी फिल्म लावून बघणं आणि घाट पूर्ण अंधारात उतरणं. अमावास्येच्या पहाटे सव्वातीनला निघणार, जादा सेल प्लास्टिकच्या डबीत घेऊन. ट्रॉली कुठे कुठे किती मीटरवरून दिसली ते लिहून आणतो.