एका ऑब्जेक्शनने खाल्लेलं अख्खं लेक्चर

एमपीएससी करणाऱ्या पोरांशी आन्सर कीवरून वाद घालून बघा एकदा, कोर्टातले वकील परवडले. नवी पेठेतल्या एका क्लासमधे मी भूगोल शिकवते, आमच्याकडे टेस्ट सिरीजचा पेपर झाला की पुढच्या लेक्चरला ऑब्जेक्शन घ्यायची पद्धत आहे. त्या दिवशीचा पेपर माझा नव्हता, दुसऱ्या सरांनी काढलेला, पण सर सुट्टीवर, त्यामुळे तोंड द्यायला मी.

प्रश्न नेहमीच्या विधान-कारण टाईपचा. विधान: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका या भागाला उपखंड म्हणतात. कारण: हा भाग स्वतंत्र भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या वेगळ्या तुकड्यावर (प्लेटवर) आहे. कीमधे उत्तर होतं अ, म्हणजे दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण. मला वाटलं यात काय ऑब्जेक्शन घेणारेत, पुढे सरकू.

तर मागच्या बाकावरून औसा तालुक्यातला एक पोरगा उठला. एरवी तोंडातून शब्द काढत नाही. म्हणाला, "मॅडम, अरेबियाची प्लेट पण वेगळीच हाय की, तिला कुठं सगळे उपखंड म्हणतेत? द्वीपकल्पच म्हणतेत ना." तो बसतोय तोवर पुढून एक मुलगी, "आणि मॅडम युरोपला तर स्वतःची प्लेटच नाही, युरेशियन आहे, मग तो खंड कसा काय?" झालं. वर्ग पेटला.

आता खरं सांगायचं तर दोघांचाही मुद्दा बिनतोड होता. ग्रह कशाला म्हणायचं यावर 2006 मधे खगोलशास्त्रज्ञांनी निदान मतदान तरी केलं, बिचारा प्लूटो त्यात गेला, पण खंड कशाला म्हणायचं हे ठरवणारी कुठलीच संस्था जगात नाही. आपण सात शिकवतो, लॅटिन अमेरिकेत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात. युरोपची पूर्वेची हद्द आधी डॉन नदी धरायचे, मग अठराव्या शतकात रशियातल्या तातिश्चेवसारख्या लोकांनी उरल पर्वत पुढे केला आणि तोच रूढ झाला. आता उरलच्या खाली आजच्या घडीला कुठल्याही दोन प्लेटा एकमेकींना भिडत नाहीत, पर्वत जुना आणि झिजलेला, तरी तिथून अलीकडे आशिया नि पलीकडे युरोप. जमिनीच्या खालच्या पुराव्यावर बोलायचं तर भारताची केस युरोपपेक्षा कितीतरी भक्कम आहे! पण नकाशे ज्यांनी काढले त्यांनी स्वतःच्या घराला खंड म्हटलं, यात आश्चर्य कसलं.

मग कोणीतरी आकाराचं काढलं. ऑस्ट्रेलिया सुमारे 77 लाख चौरस किलोमीटर, आपला उपखंड 44 लाखांच्या आसपास, म्हणजे आशियाच्या जेमतेम दहावा हिस्सा, ग्रीनलंड तर 22 लाखसुद्धा नाही म्हणून ते बेट. हे पटण्यासारखं आहे, पण 2017 मधे न्यूझीलंडच्या भूशास्त्रज्ञांनी झीलंडिया हा खंड आहे असं मांडलं, तो 49 लाखांचा आणि त्यातला 94 टक्के पाण्याखाली. म्हणजे बुडालेला खंड आपल्यापेक्षा मोठा. हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, मॅडम हे सिलॅबसला आहे का. (नाही रे बाबा.)

शेवटी मी फळ्यावर नकाशाच काढला. उत्तरेला हिमालय, वायव्येला हिंदुकुश आणि सुलेमान, पूर्वेला आराकान, खाली दक्षिणेकडे समुद्र. म्हटलं, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात एखादं बिऱ्हाड कसं असायचं, वाडा तोच पण चूल वेगळी, दार वेगळं, मधे जाड भिंत, तसं हे आहे. ही भिंत आहे म्हणून मध्य आशियातलं गार वारं इकडे घुसत नाही आणि मान्सून इथे अडून बरसतो, नद्या, शेती, माणसं सगळ्याला एक वेगळेपण येतं. आणि तरी जमिनीने आपण आशियाला चिकटलेलेच. प्लेट हे त्या भिंतीमागचं कारण झालं, उपखंड म्हणण्याचं एकटं कारण नाही. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी आपण मादागास्करला मागे सोडून उत्तरेला निघालो, एका टप्प्यावर वर्षाला 15 सेंटीमीटरच्या वर वेग होता, वाटेत 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, ही आपली पर्वती त्याच दगडाची, आणि 5 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आशियाला धडकलो, त्या धडकेतून हिमालयाची भिंत उभी राहिली. अजून वर्षाला चार-पाच सेंटीमीटर ढकलणं चालूच आहे.

इथे तो औशाचा पोरगा परत उठला. "मॅडम, टक्कर तिकडं हिमालयात हाय. मग किल्लारी का हललं?"

वर्ग एकदम गप्प. त्याच्या घरचं त्याने दोन वाक्यांत सांगितलं, वडील तेव्हा आठवीला होते, रात्री शेतात राखणीला झोपले होते म्हणून वाचले, घरातलं कोणी राहिलं नाही. 30 सप्टेंबर 1993, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, पहाटे चार वाजायच्या आधी 6.2 चा धक्का. दगडमातीच्या जाडजूड भिंती नि वर मातीचं धाबं, ते सगळं अंगावर आलं, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

मी हे दरवर्षी शिकवते, दख्खनचा ढालप्रदेश, स्थिर भूभाग वगैरे, पण त्या पोराकडे बघून 'स्थिर' हा शब्द तोंडातून निघेना. सांगितलं त्याला की पुढून वाट अडलेली आणि मागून रेटा चालू, तर ताण नुसता धडकेच्या जागी राहत नाही, सगळ्या प्लेटमधे पसरतो आणि आत कुठे जुनी भेग, कच्ची जागा असेल तिथे सुटतो. किल्लारीची भेग बेसाल्टच्या, म्हणजे त्या दख्खनच्या लाव्हाच्या दगडाच्या थराखाली झाकलेली, वरून कोणाला दिसणार. तोवर भूकंपाच्या नकाशात लातूरचा भाग झोन 1 मधे म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता, 2002 च्या नकाशात तो झोन 3 मधे गेला आणि झोन 1 ही कॅटेगरीच काढून टाकली. हे मात्र सिलॅबसला आहे, सगळ्यांनी लिहून घेतलं. तो नाही लिहून घेत बसला, नुसती मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे हिमालय उंच व्हतोय त्याचाच रेटा आमच्याकडं." म्हटलं हो, तोच रेटा.

मग आन्सर कीचं राहिलंच होतं. सरांना फोन लावला, ते म्हणे प्रश्न रद्द करून टाका, डोक्याला ताप नको. मला रद्द करणं पटलं नाही, दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त कारण पुरेसं नाही, म्हणजे उत्तर ब. बदललं. ज्यांनी अ लिहिलं होतं त्यांचा मार्क गेला वर पाव मार्क निगेटिव्ह, त्यांनी लगेच टेबलाला गराडा घातला की मॅडम आमच्या नोट्समधे असंच लिहिलंय. आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्याची शीट काढून पाहिली तर पठ्ठ्याने निगेटिव्हच्या भीतीने तो प्रश्न सोडूनच दिलेला. त्याला ना नफा ना तोटा. अ वाल्यांनी दुसऱ्या दिवशी लेखी ऑब्जेक्शन दिलं, सह्यांसकट, त्यावर सर आल्यावर बोलू असं सांगून ठेवलंय.