वाड्याचे खांब आणि वनखात्याचा रकाना

नव्या घरात जुन्या वाड्याचे खरे सागवानी खांब बसवायचे असतील तर आर्किटेक्ट मिळतो, सुतार मिळतो, कर्जसुद्धा मिळतं. गाडं अडतं ते वाहतूक परवान्यापाशी. ज्या कुणाच्या डोक्यात हे खूळ आहे त्याने पुढचं वाचावं. माझा राग अजून पुरता उतरलेला नाही, तेवढं सांभाळून घ्या.

घर नाशिकच्या बाहेर, बारा गुंठ्यांत. बिनशेती, नकाशा मंजुरी, जोत्याचा दाखला यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. खरी वादावादी झाली ती घर कसं असावं यावर. पहिल्या इंटिरियरवाल्याने 'वाडा लुक' म्हणून जे दाखवलं त्यात लोखंडी पाइपाला व्हिनियर गुंडाळलं होतं आणि वर फायबरची महिरप होती. दर ऐकून घाम फुटला. जो खांब काहीच पेलत नाही तो एवढ्या पैशांत कशाला उभा करायचा? दुसऱ्या आर्किटेक्ट बाईंनी काही न दाखवता आम्हाला सरळ पुण्याच्या विश्रामबागवाड्यात नेलं. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा. तिथले सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले खांब बघितले आणि बायको म्हणाली, "हे नसेल तर साधा बंगला बांधू या, नाटकं नकोत." मला पटलं.

लाकूड मिळालं सातारा जिल्ह्यातल्या एका गावी. नगरपालिका हद्दीतला वाडा, वारस पाच ठिकाणी पांगलेले, बिल्डरशी करार झालेला. ओसरीचे खांब, त्यांवरच्या तुळया, माजघराचा कडीपाट म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत, एक दिंडी दरवाजा असं सगळं ठरवून घेतलं. आमच्या सुतारमामांनी कोपऱ्यात चाकूने जरासं खरवडलं. ऑइलपेंटच्या हिरव्या, मग निळ्या, मग पिवळ्या थरांखालून मधासारखा सागवान निघाला. ते नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी पुन्हा ऐकलेलं नाही.

वाडा उतरवून झाला. लाकूड ताडपत्रीखाली, पावसाळा तोंडावर, आणि बिल्डरला जागा मोकळी हवी. ट्रकवाला म्हणाला, "टीपी आणा, त्याशिवाय गाडी हलणार नाही. नाक्यावर धरली तर गाडी पण जमा होते." टीपी म्हणजे वाहतूक परवाना. तो द्यायचा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी.

तिथे एका टेबलापाशी पुढचे कित्येक दिवस गेले. अर्ज छापील, आणि त्यात रकाना: झाड ज्या जमिनीत तोडलं तिचा गट क्रमांक, आणि तोडणी परवान्याचा क्रमांक.

"झाड कुठं तोडलं?"

"साहेब, तोडलं नाही. वाडा उतरवलाय."

"वाडा उतरवला, पण लाकूड झाडाचंच ना?"

याला काय उत्तर देणार? खांब ज्या झाडाचा, ते झाड पेशवाईत पडलं असणार. आपल्याकडे गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीन मोजणी इंदापूरपासून सुरू झाली ती 1830 च्या दशकात. म्हणजे ज्या गटाचा नंबर मला विचारत होते तो नंबर पडायच्या आधीच ते झाड खांब होऊन उभं होतं. हे मी बोलून दाखवलं. टेबलामागच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग तसं तलाठ्याचं पत्र आणा." तलाठी म्हणाले, वाडा नगरपालिकेत, माझ्याकडे त्याची नोंदच नाही. नगरपालिका म्हणाली, आम्ही इमारत पाडायची परवानगी देतो, लाकडाचं आमच्याकडे काही नाही. परत टेबलापाशी आलो तर साहेब दौऱ्यावर. मग गृहस्थ रजेवर. मग अर्ज 'वर' पाठवलाय. वर म्हणजे कुठे, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

एका रात्री चिडून भारतीय वन अधिनियम, 1927 काढून वाचला. वाटलं होतं, घरातलं लाकूड ही काही वनोपज, म्हणजे जंगलाचं उत्पन्न, नाही हे दाखवून देऊ. उलटच निघालं. इमारती लाकूड जंगलातून आणलेलं असो वा नसो, वनोपजच. आणि 'इमारती लाकूड' या व्याख्येत कापलेलं, घडवलेलं, कोरलेलं सगळंच येतं. त्याच्या वाहतुकीवर नियम करायचा अधिकार कलम 41 ने राज्याला दिलेला आहे. म्हणजे परवाना मागणं त्यांचं बरोबरच होतं. चुकीचा होता तो फॉर्म. पण फॉर्मशी भांडता येत नाही, माणसाशीच भांडावं लागतं.

तोवर पहिला वळीव झाला. ताडपत्रीत पाणी साचलं, दोन तुळयांच्या टोकांना काळपट डाग पडले. डाग पुढे रंध्याने गेले. माझं रक्तदाब मोजणं मात्र त्या आठवड्यात सुरू झालं ते अजून चालू आहे.

सुटका केली ती निवृत्तीला आलेल्या एका वनपाल काकांनी. व्हरांड्यात मला बसलेलं बघून त्यांनी कागद मागितले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "गट नंबर नाही ना? मग सिटी सर्व्हे नंबर टाका. पुढे लिहा, जुनी इमारत पाडून निघालेला माल. रकाना भरला की कागद हलतो." सोबत मिळकत पत्रिका, पाडकामाची परवानगी, घरपट्टीचा जुना उतारा, सगळ्या वारसांच्या सह्यांची विक्रीपावती आणि वाडा उभा असतानाचे फोटो. हे फोटोच कामाला आले, कारण खांब ज्या ओसरीत उभे होते ती त्यांत दिसत होती. तेव्हा वाड्याची एक वीट निघायच्या आत प्रत्येक खांबाचा जागेवरचा फोटो काढा, खडूने नंबर घालून. जमल्यास पंचनामाही तेव्हाच करून घ्या.

मग वनरक्षक मोजमापाला आले. यादीत लांबी आणि गोलाई द्यायची, त्यावरून घनमीटर. सुरूच्या खांबाची गोलाई घ्यायची कुठे? खाली फुगीर, वर मान बारीक. त्यांनी टेप तीनदा फिरवला, शेवटी मधोमध धरला. त्यानंतर हातोडा. परवान्याच्या प्रत्येक नगावर शिक्क्याचा हातोडा मारतात हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या खांबावर तो उचलला तो थेट वरच्या केळफुलाच्या कोरीवकामावर. सुतारमामा ओरडले, "साहेब, बुडाला मारा, बुडाला!" वनरक्षक दचकले, हसले आणि सगळे शिक्के खालच्या तोंडावर मारून दिले. हे आधीच सांगून ठेवावं. खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या बैठकीवर, बसला की ते तोंड झाकलं जातं.

परवान्यावर गाडीचा नंबर, रस्ता आणि मुदत असते. ट्रक बदलला तर परवाना निरुपयोगी, म्हणून ट्रकवाल्याला आगाऊ पैसे देऊन बांधून ठेवा. आमचा ट्रक नाक्यावर थांबवला, कागद बघितले, सोडला. इतक्या मनस्तापानंतर ते पाचेक मिनिटांत झालं याचाही मला राग आला.

बाकीचं थोडक्यात. लाकूड आधी घ्या, नकाशा नंतर पक्का करा. जुन्या तुळईची लांबी ठरलेली असते आणि दोन खांबांमधला खण त्यावरच बेततो. आमचा चौक त्यासाठी दीड फुटाने आखडला. स्ट्रक्चरल इंजिनियर सगळा भार लाकडावर द्यायला तयार झाले नाहीत, म्हणून मुख्य घर आरसीसीत आणि ओसरीचं छप्पर तेवढं खांबांवर. पेलतात मात्र खरोखर. तळखडा आणि लाकूड यांच्यामध्ये सिमेंट भरू देऊ नका, ओल धरते. वायरिंग कडीपाटाच्या वरून न्या. पॉलिशवाला मेलामाइनचं चकचकीत रासायनिक पॉलिश मारायला टपलेला असतो, त्याला अळशीचं तेलच लावायला सांगा.

मेहुण्यांना आता तसेच खांब हवेत. त्यांना मी सांगितलंय की वाडे शोधत हिंडण्यापेक्षा तमिळनाडूत कारैकुडीला जा. चेट्टिनाडच्या वाड्यांमधले बर्मा सागाचे खांब तिथल्या दुकानांतून विकायला असतात. बिल आणि परवाना दुकानदाराने काढून द्यायचा, हे सौदा करतानाच ठरवून घ्यायचं, आणि ते हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही.