वडीलपदाआधीचं एक वर्ष

रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मला थांबवलं. "वडीलपदासाठी तुमचं नाव पुढे आलंय. तयारी आहे का?" मी लगेच हो म्हणालो.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, कोल्हापूर भागातली. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांचं काम पुढे प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. त्या परंपरेत पाळक एकटा मंडळी चालवत नाही, सोबत मंडळीनं निवडलेले वडील असतात. मला मात्र वडील म्हणजे पुढच्या बाकावर बसणारे, प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला फिरवणारे, एवढंच ठाऊक होतं.

दर गुरुवारी आमचा अभ्यास सुरू झाला. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये २० मध्ये प्रेषित पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेतात बोलावून घेतो आणि थोड्याच वचनांनंतर त्यांनाच 'अध्यक्ष' म्हणून कळप सांभाळायला सांगतो. तीताच्या पत्रातही हे दोन शब्द एकाच माणसासाठी येतात. याकोब ५ मध्ये तर आजाऱ्याने वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. ते वाचताना आजीच्या शेवटच्या दुखण्यात रात्री सायकलवरून आलेले एक म्हातारे वडील आठवले. सदऱ्याच्या खिशात खोबरेलाची छोटी बाटली होती. प्रार्थना झाल्यावरही ते उठले नाहीत, आजीचा हात धरून बसून राहिले.

मग १ तीमथ्य ३, पौलानं तरुण सहकारी तीमथ्याला लिहिलेलं पत्र. अध्यक्षाच्या त्या सगळ्या गुणांत कौशल्य म्हणावं असं एकच, शिकवण्याची हातोटी. बाकी सगळा स्वभाव आणि घर: मद्यपी नको, भांडखोर नको, पैशाचा लोभी नको, ज्याला आपलं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार? तीतात आणखी एक, रागीट नसावा. मी ते वाचून पुढे गेलो.

पाळकसाहेब घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सहज विचारलं, "पप्पा कसे आहेत गं?" ती म्हणाली, "चांगले आहेत. चर्चमध्ये ते कधीच ओरडत नाहीत."

बायको कपबशा उचलून आत गेली. फाटकापाशी पाळकसाहेब म्हणाले, "कोणावर हात ठेवायची, म्हणजे पदावर नेमायची, घाई करू नको, असं पौलानं तीमथ्याला लिहिलंय. पुढच्या वर्षी बघू." मला राग आला, आणि तो राग घेऊनच मी घरात शिरलो. मुलगी माझ्याकडे बघत दारातच उभी राहिली. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

त्या रात्री तिची माफी मागितली. नंतरही बऱ्याचदा मागावी लागली. आवाज चढला की झोपायच्या आत तिच्याजवळ जाऊन बसायचं, एवढं ठरवलं आणि पाळलं. बायकोला सांगून ठेवलं की चुकलो तर तिथेच थांबव. वर्षभर पदाशिवायच दुसऱ्या वडिलांबरोबर घरभेटींना जात राहिलो.

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी तोच प्रश्न विचारला. "ओरडतात कधीकधी," मुलगी म्हणाली, "पण मग येऊन सॉरी म्हणतात."

मंडळीनं निवड केली. गुडघे टेकले, डोक्यावर हात ठेवले गेले. आता घरभेटींसाठी माझ्याकडे मंडळीतली अकरा घरं आहेत. एका घरात नवरा पितो, बायको दाराशीच उभी राहून "सगळं ठीक आहे" म्हणते. शनिवारी परत तिकडे जायचंय.