उभे पट्टे, आडवे पट्टे
"गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही हिनं, म्हणून पोराचे डोळे नाचतात," खुर्चीत टेकायच्या आत आजींनी निदान सांगून टाकलं. सून खाली मान घालून उभी. सोलापुरातल्या ओपीडीत हे वाक्य मला नवं नाही.

मुलगा सहा वर्षांचा. तान्हा असल्यापासून दोन्ही डोळे डावी-उजवीकडे झुलणारे. वाचताना मान वळवायचा, आणि शाळेत बाई ती सरळ करायच्या. खरं तर त्या कोनात डोळे जरा स्थिरावतात. तो त्यानं स्वतःच शोधलेला उपाय. दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला पडदा), ओसीटी म्हणजे त्याच्या थरांचं स्कॅन, सगळं नॉर्मल. अल्बिनिझमची, म्हणजे रंगद्रव्य कमी असल्याची, खूण नाही.

मग तपासणीचा पट्ट्यापट्ट्यांचा फिरता ड्रम काढला. काळे-पांढरे उभे पट्टे बाजूला सरकू लागले की डोळे त्यांच्यामागे जातात नि झटक्यात परत येतात. याचे डोळे आधीच हलत असल्यानं नीट कळेना, म्हणून व्हिडिओ घेऊन संथ करून पाहिला. ड्रम कुठल्याही बाजूला फिरवा, डोळ्यांचा ठेका तोच. ड्रम आडवा धरला, पट्टे खाली-वर सरकू लागले, आणि डोळे चोख त्यांच्यामागे!

हे मी फक्त वाचलं होतं. हालचालीची दिशा ओळखणाऱ्या पेशी थेट दृष्टिपटलातच असतात, हे बार्लो आणि हिल या शास्त्रज्ञांनी १९६३ साली सशात दाखवलं. उंदराच्या दृष्टिपटलात मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींचेच चाळीसहून जास्त प्रकार आहेत. त्यातले काही ठरावीक दिशेलाच दाद देतात. नको त्या दिशेला त्यांना गप्प बसवतात त्या स्टारबर्स्ट पेशी. त्यांच्या फांद्या सगळीकडे पसरलेल्या, पण दाबण्याचं काम एकाच बाजूनं जास्त होतं, आणि दिशा कळते ती या विषमतेतून. एफआरएमडी७ हे जनुक बिघडलं की आडव्या दिशेपुरती ही विषमता तयारच होत नाही. उभी शाबूत राहते. उंदरांवरचं हे काम २०१६ मध्ये आलं. ते जनुक बिघडलेल्या माणसांतही सरकत्या पट्ट्यांमागे डोळे जाण्याची आडवी प्रतिक्षिप्त क्रिया नसल्याचं त्यातच नोंदलं होतं.

"घरात आणखी कुणाचे डोळे असे आहेत?"

"माझ्या भावाचे," आई पुटपुटली.

मामा! हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स मिळतो आईकडून. हे त्या खोलीत बोलले असते तर आजींच्या हाती ग्रहणापेक्षा धारदार हत्यार आलं असतं. म्हणून तेव्हा एवढंच म्हणाले, "आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही. जन्मजात आहे, नजर बरी आहे. मान वळवू द्या त्याला." बाईंच्या नावे चिठ्ठीही दिली.

जनुक तपासणीचा अहवाल आला तेव्हा आईला एकटीलाच बोलावलं. बिघाड तिथंच होता. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, धाकटी मुलगी आहे मला. तिचं काय?"

निम्मी शक्यता, मी सांगितलं. आणि बिघाड असला तरी मुलींचे डोळे हलतीलच असं नाही. धाकटीला पुढच्या खेपेला घेऊन यायचं ठरलं, मामालाही.