मनगटासाठी कमरेचं हाड

"दुखतंय मनगट, मग कमरेचं हाड कशाला काढता?" विचारलं ते पेशंटच्या बायकोनं. तो नुसता मान खाली घालून बसला होता. चोपडा तालुक्यातला, केळी कटाईच्या टोळीत काम करणारा तिशीतला गडी. घड खांद्यावर असताना चिखलात घसरला आणि उजव्या तळहातावर पडला, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हाच्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून 'मुरगळलंय' ठरलं आणि पुढे तेल लावून चोळणं सुरू झालं. स्कॅफॉइडची, म्हणजे मनगटातल्या अंगठ्याकडच्या छोट्या हाडाची, चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसतच नाही. म्हणूनच अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे कितीही स्वच्छ असो, प्लास्टर घालावं आणि दहा-चौदा दिवसांनी परत फोटो काढावा.

आता हाडाचे दोन तुकडे, कडा पांढऱ्या, गुळगुळीत. सीटीत हाड मधे वाकलेलं. असंच सोडलं तर पुढे मनगटाचा सांधा झिजतो.

बाईंना म्हटलं, "तुमच्या बागेत ड्रिपची नळी मधेच तुटली तर पुढच्या खोडाला पाणी मिळतं का? या हाडाला रक्त बोटांच्या बाजूनं शिरतं आणि मागं मनगटाकडं जातं. मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी. तिथं जिवंत हाड भरावं लागतं, ते कमरेत भरपूर असतं." त्यांना पटलं. फक्त म्हणाल्या, "हात बरा व्हई ना, साहेब?" होईल म्हणालो, पण बिडी सुटेपर्यंत तारीख देणार नाही, हेही सांगितलं. बिडीनं हाड जुळायला अडथळा येतो. महिनाभर घासाघीस चालली.

ऑपरेशनच्या दिवशी मनगट तळव्याच्या बाजूनं उघडलं. दोन तुकड्यांमधे चिवट पांढरं जाळं. ते क्युरेटनं खरवडत गेलो. आता खरी परीक्षा होती. मागचा तुकडा मेलेला निघाला असता तर रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा फिरवून आणावा लागला असता. भूलतज्ज्ञांना टूर्निके, म्हणजे हाताचं रक्त अडवून धरणारा पट्टा, सोडायला सांगितलं. बराच वेळ काहीच नाही. सिस्टर माझ्याकडे बघतायत, मी हाडाकडे. मग टाचणीच्या टोकाएवढा एक लाल ठिपका. त्याच्या शेजारी दुसरा. तुकडा जिवंत होता.

पुढचं सरावाचं. कमरेच्या हाडाची पाचर कापली, मधे ठोकून वाक सरळ केला, सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली, हर्बर्ट स्क्रू बसवला. या स्क्रूला डोकं नसतं, तो हाडाच्या आतच बुडतो.

तीन महिन्यांनी सीटीत हाड जुळलेलं दिसलं. घड कधी उचलू, हा त्याचा पहिला प्रश्न. म्हटलं, अजून नाही, आधी व्यायाम. बायकोची तक्रार वेगळीच होती: मनगटाचं एकदाही नाव घेतलं नाही, पण कमरेच्या टाक्यांपायी घर डोक्यावर घेतलं होतं यानं.