वाइनमधली गुंतवणूक: नाशिकच्या बागेपासून डीमॅटपर्यंत

वाइनमध्ये पैसे गुंतवायचे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाटल्या येतात. चांगल्या बाटल्या घ्यायच्या, सात-आठ वर्षं जपायच्या आणि भाव वाढला की विकायच्या. आपल्या राज्यात हा मार्ग बंद आहे, हे आधीच सांगतो. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्याप्रमाणे वाइन घ्यायला आणि जवळ बाळगायला परवाना लागतो, आणि विक्रीचं लायसन्स नसेल तर आपण एक बाटलीसुद्धा कोणाला विकू शकत नाही. म्हणून माझी सुरुवात परवान्यापासून झाली. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज केला, आधार आणि फोटो जोडला, 1,000 रुपये भरले आणि आजीवन परवाना मिळाला. वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं. घरात किती साठा ठेवता येतो यालाही मर्यादा असते, तेव्हा परवान्यावरच्या अटी वाचून मगच खोकी घरी न्या.

बाटली विकता येत नाही, मग गुंतवायचं कशात? याचं उत्तर शोधायला मी वायनरी, म्हणजे वाइन बनवायचे कारखाने, बघायला लागलो आणि त्यातच खरा आनंद सापडला.

नाशिकला गंगापूर रस्त्यानं धरणाकडे निघालं की सुला, सोमा आणि यॉर्क या वायनरी एकमेकींजवळ आहेत. दिंडोरीकडे शाँदोन आहे, तिथे फेसाळ वाइन बनते. इगतपुरीकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. एका दिवसात दोनच बघाव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण तिसऱ्या ठिकाणी जीभ काही सांगत नाही. टेस्टिंगला आधी पांढऱ्या वाइन देतात, मग लाल. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनला पिकल्या पेरूचा वास येतो, सोव्हिन्यों ब्लांक या दुसऱ्या पांढरीला हिरव्या ढोबळी मिरचीचा, शिराझ या लाल वाइनला काळ्या मिरीचा. वास घेताना घाई करू नका. पेला फिरवून नाकाशी धरायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. दुसऱ्यांदा वेगळं काही हाती लागतं. टेबलावर ठेवलेल्या भांड्यात थुंकायला लाजू नका. गाडी चालवायची असेल तर तेच करायचं असतं आणि तिथे कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बागेनं. निफाड भागातल्या एका बागायतदार काकांकडे ओळखीनं गेलो होतो. त्यांच्याकडे खायची द्राक्षंही आहेत आणि एका वायनरीशी करार करून लावलेली वाइनची द्राक्षंही. त्यांनी दोन्ही घडांतले मणी तळहातावर ठेवले. थॉमसन या खायच्या द्राक्षाचा मणी लांबट, पातळ सालीचा, बिनबियांचा. शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा मणी काळाभोर, छोटा, जाड सालीचा, चावला की बिया दाताखाली येतात. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या साली-बियांतूनच येतो. मग त्यांनी मणी चिरडून रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्राच्या, काचेवर टाकला आणि मीटर उजेडाकडे धरून माझ्या हातात दिलं. आकडा बाविसाच्या जरा वर होता.

"खायचा माल सतरा-अठरावर खुडला तरी चालतो," काका म्हणाले. "याला थांबावं लागतं. आणि थांबलं की अवकाळीची धास्ती."

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून इथे दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्च. त्या महिन्यांत गारपीट झाली, किंवा त्याआधी भुरी आणि डाऊनी या रोगांनी बाग धरली, तर वर्षाचा माल गेला. वायनरीचा ताळेबंद वाचताना मला हे सगळं आठवतं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 2008 नंतरच्या मंदीत वाइनचा खप घटला, काही वायनरी अडचणीत आल्या आणि वाइनच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही. ही द्राक्षं खायच्या बाजारात चालत नाहीत. अनेकांनी बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. तेव्हापासून कुठल्याही वायनरीबद्दल माझा पहिला प्रश्न असतो: शेतकऱ्यांशी करार किती वर्षांचे आहेत आणि पैसे वेळेवर मिळतात का? माझ्या दृष्टीनं कंपनीची तब्येत कळायला याहून चांगली खूण नाही.

बाटलीऐवजी वायनरी कंपनीचा शेअर घ्यायचा, हे मला सापडलेलं उत्तर. आता त्याबद्दल. सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि डिसेंबर 2022 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, 357 रुपयांना एक शेअर. मी आधी माहितीपत्रक वाचलं. तो संपूर्ण इश्यू, म्हणजे लोकांसाठी काढलेली शेअरविक्री, जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकण्याचा होता, त्यातला पैसा कंपनीत येणार नव्हता. हे वाईट असतंच असं नाही, पण माहीत हवं. दुसरी महत्त्वाची गोष्ट राज्याच्या वाइन प्रोत्साहन योजनेची. महाराष्ट्रातल्या द्राक्षांपासून इथेच बनलेल्या वाइनवर 20 टक्के व्हॅट लागतो आणि या 20 पैकी 16 टक्के उत्पादकाला परत मिळतात. नफ्याचा बराच भाग या परताव्यावर उभा असतो. म्हणून तिमाही निकालात मी विक्रीच्या खालोखाल हाच आकडा बघतो, आणि सरकारकडचं येणं किती थकलंय तेही. तिसरी गोष्ट आयातीची. परदेशी वाइनवर अनेक वर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानं तिथल्या महाग बाटल्यांवरचं शुल्क कमी व्हायला लागलं. ग्राहकाला हे चांगलंच, पण इथल्या वायनरींना दमदार स्पर्धा येणार.

सुलाच्या शेअरचा भाव 2024 च्या सुरुवातीला 600 च्या वर गेला आणि 2025 मध्ये इश्यूच्या किमतीखाली आला. मी थोडे थोडे करून घेतले आणि एकूण शेअर गुंतवणुकीच्या तीन टक्क्यांपलीकडे जायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. बागेवर आणि सरकारी धोरणावर इतकं अवलंबून असलेल्या धंद्यात तेवढंच बरं.

लंडनचा मार्गही पाहिला. तिथे राहणारा माझा मावसभाऊ फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनच्या पेट्या गुंतवणूक म्हणून घेतो. त्या शुल्क न भरता सरकारमान्य गोदामात राहतात आणि भाव लिव्ह-एक्स या बाजारावरून कळतो. गोदामाचं भाडं, विमा, दलाली वेगळी. 2022 च्या अखेरीपासून तिथले भाव बराच काळ उतरत राहिले. इथे बसून त्यात पडावं असं मला वाटलं नाही.

बाटल्या मी घेतोच, पण पिण्यासाठी. फ्रातेल्लीची सेत्ते, सुलाची रासा अशा काही लाल वाइन ठेवून सुधारतात. बहुतेक भारतीय वाइन मात्र ताज्याच प्याव्यात. एकाच वर्षाच्या सहा बाटल्या घ्यायच्या, दरवर्षी एक उघडायची आणि चव वहीत लिहायची. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात ठेवलेली वाइन टिकत नाही, म्हणून 13 अंशांवर चालणारा वाइनचा छोटा फ्रिज घेतला. बुचाच्या बाटल्या आडव्या, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात.

जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, शनिवार-रविवार टाळा, आणि आधी फोन करून खुडा चालू आहे का ते विचारा. खुडा पहाटे होतो, ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचवतात. टेस्टिंग नंतरही होईल, आधी क्रेट उतरताना बघा.