आईची रात्रीची गोळी

आईला डिमेन्शिया आहे. रोज रात्री 9 ला डोनेपेझिल, 5 मिलिग्रॅम. गोळी राहून जाण्यापेक्षा भीती वाटते ती घेतलेली विसरून पुन्हा घेण्याची. म्हणून सात वारांच्या कप्प्यांची डबी आणली, मोबाइलवर अलार्म लावला. तर अलार्म वाजला की ही दार उघडायला जायची!

शेवटी साताऱ्याच्या मावशीचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला आणि आज तोच अलार्मला लावला. 'काय गं, गोळी घेतलीस का?' आई फोनकडे बघून चक्क म्हणाली, 'घेते गं ताई, ओरडू नकोस.' आणि घेतली की! गुरुवारचा कप्पा रिकामा. (मी दाराआडून बघत होते.)

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर चहाचे दोन कप काढून ठेवलेले.

'ताई कुठे गेली गं?'